तीसपैकी अठरा

मैत्रिणींनो, अंक हातात आहे तोवर एक गंमत करू या. आज तारीख कोणती? अंहं, भिंतीवरच्या कालनिर्णयकडे बघायचं नाही! बरं, वार? आता शंभरातून सात वजा करा. उरले त्यातून पुन्हा सात. पुन्हा सात. असं पाच वेळा, मनातल्या मनात. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट. कुठे अडखळलात? आमच्या घरात तर एकोणऐंशीपाशीच निम्मी मंडळी गळाली.

जमलं असेल तर शाळेत पाढे घोकलेत म्हणून जमलं. नसेल जमलं तर आपल्या डोक्याला काही झालंय असं मुळीच मनात आणू नका. आधी पुढचं वाचा.

हे प्रश्न माझ्या मनचे नाहीत. १९७५ साली अमेरिकेत मार्शल फोलस्टाइन, त्यांच्या पत्नी सुसान आणि पॉल मॅकह्यू या तिघा डॉक्टरमंडळींनी एक छोटीशी चाचणी तयार केली. रुग्णाच्या खाटेशी बसून दहा मिनिटांत त्याच्या स्मरणशक्तीचा आणि विचारशक्तीचा अंदाज घ्यायचा, एवढाच हेतू. एकूण गुण तीस. चोवीसच्या खाली गेलात की डॉक्टरांच्या मनात शंका. चाचणी सुटसुटीत, खर्च नाही, यंत्र नाही, त्यामुळे ती जगभर पसरली. पसरत पसरत ती आमच्या घरीही आली, गेल्या श्रावणात.

आमच्या सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. माहेर आणि सासर दोन्ही माण तालुक्यातलं, म्हणजे पाण्याची बोंब कायमची. बाहत्तरच्या दुष्काळात त्यांनी खडी फोडली. नंतर कैक वर्षं आठवडी बाजारात अंडी आणि गवार विकली आणि हिशोबात कुणाला पाच पैशांनी फसल्या नाहीत. शाळा मात्र नाही. पाठीवर पाच भावंडं. थोरल्या मुलीने ती सांभाळायची की पाटी घेऊन जायचं? त्या काळी हा प्रश्नही कुणी विचारला नसेल. १९६१ च्या जनगणनेत सबंध देशात शंभर बायकांमागे जेमतेम पंधरा बायकांना लिहिता-वाचता येत होतं. आज ज्या आज्या पंच्याहत्तरी-ऐंशीला टेकल्यात, त्या उरलेल्या पंच्याऐंशींतल्या.

मामंजी गेल्यापासून त्या आमच्याकडे गावात असतात. वर्षभरात दोनदा दूध करपलं, नातवंडांच्या नावांची अदलाबदल होऊ लागली, एकदा तर भर दुपारी देवापाशी सांजवात लावून मोकळ्या झाल्या. धाकटे भाऊजी म्हणाले, एकदा दाखवून घेऊ. दाखवायला कुणाची ना नव्हती. शहरातल्या मोठ्या इस्पितळात नेलं. तीन तास बाकावर बसल्यावर नंबर लागला. तपासणारी डॉक्टर म्हणजे माझ्या मुलीएवढी पोर, बोलायला गोड, पण बाहेर पन्नास माणसं ताटकळलेली. इंग्रजी छापील कागदावरचे प्रश्न ती मनातल्या मनात मराठीत आणून विचारत होती.

"आजी, महिना कोणता चाललाय?"

"सरावन न्हवं का? परवाच पंचीम झाली."

कागदावर महिन्यापुढे शून्य. का, तर तिला 'ऑगस्ट' हवं होतं! वार बरोबर सांगितला, कारण सोमवारचा उपास. ऋतू बरोबर. तारीख नाही, साल नाही. "सालाचं मला काय करायचंय पोरी, दुष्काळाचं साल इचार, सांगते." पाचांपैकी दोन. शहर, जिल्हा, राज्य सांगितलं. इस्पितळाचं इंग्रजी नाव आणि मजला नाही सांगता आला. लिफ्टमध्ये घालून वर आणलेल्या बाईला मजला कसा कळावा? पाचांपैकी तीन. शंभरातून सात गेले, त्र्याण्णव उरले, आणि त्यापुढे "कशाला वजा करायचं गं? कुणाला द्यायचेत?" असा उलट प्रश्न. पाचांपैकी एक. मग कागदावरचं वाक्य वाचून तसं करायचं, स्वतःच्या मनाने एक वाक्य लिहायचं, एकमेकांत अडकलेल्या दोन पंचकोनांचं चित्र बघून काढायचं. पेन्सिल त्यांनी उलथनं धरावं तशी मुठीत धरली आणि कसनुसं हसून परत दिली. तिन्हींना शून्य.

बाकी सगळं बरोबर. आणि यातलीच एक गोष्ट मी तुम्हाला मुद्दाम सांगते. सुरुवातीला तीन शब्द सांगतात आणि मधे दुसरं काहीतरी विचारून झाल्यावर ते परत विचारतात. सफरचंद, टेबल, पैसा. सासूबाईंनी तिन्ही सांगितले. इतकंच काय, तासाभराने रिक्षात बसताना पुन्हा म्हणून दाखवले, "अजून इचारती का म्हणून ध्यानात ठिवलं." अल्झायमर नावाच्या आजारात पहिल्यांदा ढासळतं ते बहुतेक हेच, थोड्या वेळापूर्वी ऐकलेलं परत सांगणं. पण बेरजेच्या आकड्यात ते कुठे दिसतं? बेरीज झाली अठरा. गेलेल्या बारा गुणांपैकी वाचण्या-लिहिण्या-रेखाटण्याचे तीन, वजाबाकीचे चार आणि इंग्रजी महिन्याचा एक, हे आठ तर सरळ शाळेच्या खात्यातले. कागदावर मात्र फक्त १८/३० आणि खाली स्मृतिभ्रंशाचा संशय असल्याची इंग्रजी ओळ.

आणि बाई, त्या कागदाला पाय फुटले! सासूबाईंच्या नावावर दीड एकर जमीन आहे. त्यातली निम्मी आमच्या वन्संच्या नावे करायचं त्यांनी दोन वर्षांपूर्वीच बोलून दाखवलं होतं. वन्सं विधवा, पदरी मुलगी. भाऊजींना ते पसंत नव्हतं. का नव्हतं ते त्यांच्याजवळ. त्यांनी त्या कागदाचा फोनवर फोटो काढला आणि सगळ्या भाऊबंदांना पाठवला. "आईचं डोकं ठिकाणावर नाही, डॉक्टरांनी लिहून दिलंय. आता तिच्या अंगठ्याला काय अर्थ?" ज्या बाईने बारा वर्षं एकटीने बांधावर उभं राहून ती जमीन राखली, तिचा शब्द एका आकड्याने पुसायला निघाले होते सगळे.

माझी भाची पुण्याला मानसशास्त्र शिकते. तिला सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "मावशी, आकडा सांगू नकोस, कुणाच्या तुलनेत ते सांग." आणि तिने जे वाचायला दिलं, ते महिनाभर मी दुपारच्या झोपेवर पाणी सोडून वाचलं. त्यातलं थोडं तुमच्यासाठी वेचून आणलं आहे.

'कुणाच्या तुलनेत' याला ते लोक मापदंड म्हणतात. म्हणजे काय, तर निरोगी माणसांचा एक मोठा घोळका तपासायचा, वय आणि शिक्षण यांप्रमाणे त्यांचे गट पाडायचे आणि मग आपल्या माणसाचे गुण त्याच्यासारख्यांच्या गुणांशेजारी ठेवून बघायचे. अमेरिकेत १९८० ते १९८४ या काळात अठरा हजारांवर प्रौढांना हीच चाचणी दिली होती. त्याचे आकडे १९९३ साली छापून आले. नऊ किंवा जास्त वर्षं शाळेत गेलेल्यांचा मधला गुण होता २९. पाच ते आठ वर्षं गेलेल्यांचा २६. आणि चार वर्षांपर्यंत, किंवा अजिबातच न गेलेल्यांचा? २२! म्हणजे सर्वांसाठी चोवीसची रेघ मारली, तर कमी शिकलेल्यांतली निम्म्याहून अधिक माणसं काही आजार नसताना रेघेखाली. वय वाढेल तसा हा आकडा आणखी उतरतो. आणि हे अमेरिकेतलं, बरं का. जिथे घराघरांत घड्याळ-कॅलेंडर आणि टपालपेटी होती, तिथलं.

२००५ साली कॅनडात आणखी एक चाचणी निघाली, मोका म्हणतात तिला. सिंह, गेंडा आणि उंट यांची चित्रं ओळखा, घड्याळ काढा, असं तिच्यात आहे. शाळेची बारा वर्षं किंवा त्याहून कमी झाली असतील तर एक गुण भरपाई. अकरावी झालेल्याला एक आणि शाळेचं दारही न बघितलेल्या आमच्या सासूबाईंनाही तोच एक! हा न्याय मला बापडीला कळला नाही. पुढे त्याच लोकांनी कमी शिकलेल्यांसाठी वेगळी आवृत्ती काढली म्हणा.

पण मला सगळ्यात गुंतवून ठेवलं ते पोर्तुगालमधल्या कामाने. दक्षिण पोर्तुगालमध्ये ओल्याँव म्हणून कोळ्यांचं गाव आहे. तिथे पूर्वी रीत अशी की, थोरल्या मुलीने घरी राहून धाकटी भावंडं सांभाळायची आणि धाकट्या बहिणींनी शाळेत जायचं. ओळखीचं वाटतंय ना? रीत वाईट, पण संशोधकांना त्यातून मिळाल्या त्या एकाच चुलीवरचं खाऊन वाढलेल्या बायका, काही शिकलेल्या, काही न शिकलेल्या. कास्त्रो-काल्दास, आलेशांद्रा रेइश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा बायकांना तपासलं. १९९८ साली त्यांनी दाखवलं की खरे शब्द ऐकून परत म्हणण्यात दोघी जवळजवळ सारख्या. पण अर्थ नसलेले, बनवलेले शब्द म्हणायला सांगितलं की न शिकलेली अडखळते. शब्दाला अक्षरांत फोडून धरायची सवय शाळा लावते, ती तिला लागलेलीच नाही. चित्रांचंही तसंच. हातात खरी वस्तू दिली तर न शिकलेल्या बाईने ती पटकन ओळखली. तीच वस्तू कागदावर रेघांनी काढून दाखवली तर अडचण. कागदावरच्या रेघांना वस्तू मानायचं, हेसुद्धा शिकावंच लागतं की! आपण पहिलीत 'क' कमळाचा गिरवताना शिकलो आणि विसरून गेलो की शिकलो होतो.

आणखी एक ऐका. या चाचण्यांत एक प्रश्न असतो, मिनिटभरात सुचतील तेवढ्या प्राण्यांची नावं सांगा. त्यात शिकलेल्या बायका पुढे. मग त्याच संशोधकांनी प्रश्न बदलला, बाजारात मिळणाऱ्या खाण्याच्या वस्तू सांगा. झालं, दोघी बरोबरीत! मी घरी करून बघितलं. सासूबाईंनी मिनिटात एकवीस जिनसा सांगितल्या, आमच्या ह्यांनी अकरा, त्यांत 'फरसाण' दोनदा. आमचे हे पदवीधर आहेत.

आपल्याकडेही हे सगळं फार आधी ओळखलं होतं. दिल्लीजवळ हरियाणात बल्लभगढ आहे. तिथल्या खेड्यांमध्ये मेरी गांगुली आणि विजय चंद्रा आदी मंडळींनी भारत-अमेरिकेच्या एका एकत्रित प्रकल्पात म्हाताऱ्या माणसांचं सर्वेक्षण केलं. बहुतेक माणसं निरक्षर, शेतावरची. फोलस्टाइनबाई-बुवांची चाचणी जशीच्या तशी विचारली असती तर सगळं गाव वेडं ठरलं असतं. म्हणून त्यांनी ती पुन्हा बांधली. १९९५ साली ती हिंदी चाचणी म्हणून प्रसिद्ध झाली. अक्षरं उलटी सांगण्याऐवजी आठवड्याचे वार उलटे सांगा. कागद वाचून डोळे मिटा, याऐवजी माझ्याकडे बघा आणि मी करते तसं करा. वाक्य लिहा, याऐवजी तुमच्या घराबद्दल काही सांगा. इंग्रजीतलं जीभ वळवणारं वाक्य काढून 'ना हे, ना ते' असं सोपं वाक्य. तपासायचं तेच, लक्ष, आठवण, भाषा. फक्त वाट शाळेवरून जायची ती बांधावरून वळवली.

आता तुम्ही म्हणाल, मग सोपं आहे, न शिकलेल्यांना चार-पाच गुण वाढवून द्यावेत, संपलं. मलाही भाचीने हाच प्रश्न टाकला होता. मी म्हटलं, नाही. आणि का नाही ते सांगायला मला दोन गोष्टी सांगाव्या लागतील.

एक आमच्या नात्यातलीच. माझे एक मामा मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. श्लोक, पाढे, सनावळ्या सगळं तोंडपाठ. त्यांना तीसपैकी अठ्ठावीस पडले आणि "उत्तम, काळजी नको" म्हणून घरी पाठवलं. मामी म्हणत होत्या, अहो, हे रोजच्या वाटेवर चुकतात, वीजबिल तीनदा भरतात, तेच पत्र पुन्हा पुन्हा लिहितात. कोण ऐकतो? गुण अठ्ठावीस होते ना! दीड वर्षाने मामा एसटीने भलत्याच गावी उतरले, तेव्हा सगळ्यांचे डोळे उघडले. ज्याच्या कणगीत आयुष्यभराचं धान्य, त्याची कणगी रिती होतेय हे वरून दिसायला वेळ लागतो. म्हणजे मापदंड खालीच ओढायचा असं नाही. मामांसारख्यांसाठी तो वर चढवायला हवा होता.

दुसरी गोष्ट अमेरिकेतली. तिकडच्या फुटबॉलमध्ये डोक्यावर टकरा घेऊन घेऊन खेळाडूंच्या मेंदूला इजा होते. निवृत्त खेळाडूंना भरपाई द्यायचं त्यांच्या लीगने कोर्टात कबूल केलं. पण भरपाई कुणाला? ज्याची बुद्धी पूर्वीपेक्षा ढासळली त्याला. आणि 'पूर्वी' किती होती हे ठरवताना काळ्या खेळाडूंसाठी वेगळा, खालचा तक्ता वापरला जाई. म्हणजे गोऱ्या खेळाडूला ज्या गुणांवर आजारी म्हणायचं, त्याच गुणांवर काळ्याला म्हणायचं, तुझं तर असंच असणार, ढासळलंय कुठे? केविन हेन्री आणि नाजेह डेव्हनपोर्ट या दोघा खेळाडूंनी २०२० साली त्याविरुद्ध दाद मागितली. २०२१ मध्ये लीगने ही पद्धत सोडण्याचं मान्य केलं आणि २०२२ मध्ये कोर्टाने नव्या तडजोडीवर शिक्कामोर्तब केलं. न्यूयॉर्कच्या जेनिफर मॅनली यांनी तर त्याआधीच दाखवलं होतं की गुणांमधला पुष्कळसा फरक कातडीचा नसतो. शाळा कसली होती, तिथे वाचायला किती शिकवलं, त्याचा असतो. शाळेची वर्षं सारखी असली तरी शाळा सारख्या नव्हत्या. जिल्हा परिषदेची एक-शिक्षकी शाळा आणि शहरातली कॉन्व्हेंट, दोन्हीकडची चौथी कागदावर चौथीच.

आता हीच गोष्ट आपल्या माजघरात आणून बघा. "अडाणी आहे ती, तिला काय कळणार," "बायकांचं असंच असतं, साठी बुद्धी नाठी" असं म्हणून किती आजारी बायका घरच्या घरी सोडून दिल्या जात असतील! सवलतीचे गुण जास्त दिले की तेच होणार. आपल्या देशात २०१७ ते २०२० मध्ये अठरा राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांतल्या साठीच्या पुढच्या चार हजारांवर माणसांची नीट तपासणी झाली. त्यात ती हिंदी चाचणी होती, घरच्या माणसांची मुलाखत होती आणि निदान एका आकड्यावर न सोडता डॉक्टरांनी एकमेकांशी ताडून केलं होतं. त्यावरून काढलेला अंदाज असा की साठीपुढच्या शंभरांत सातांहून थोड्या अधिक माणसांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख. पुरुषांपेक्षा बायकांत जास्त, शहरापेक्षा खेड्यात जास्त. शाळा कमी मिळाली की चाचणीत गुण कमी पडतात हे खरंच. पण शाळा कमी मिळाली की हा आजार होण्याचा धोकाही वाढतो, हेही खरं. दोन्ही एकाच बाईत एकत्र असू शकतं. म्हणूनच सरसकट पाच गुण वाढवणं म्हणजे तिच्यावर एक अन्याय पुसून दुसरा करणं.

मग मार्ग कोणता? ऑस्ट्रेलियात १९८९ साली अँथनी जॉर्म आणि त्यांच्या सहकाऱ्याने एक वेगळीच प्रश्नावली केली. म्हाताऱ्या माणसाला काही विचारायचंच नाही. त्याच्या जवळच्या माणसाला विचारायचं. प्रश्न सगळे एका घाटाचे: दहा वर्षांपूर्वीच्या मानाने आता कसं आहे? वस्तू कुठे ठेवली ते आठवतं का? नवं यंत्र वापरायला शिकता येतं का? पैशांचा व्यवहार? माणसाची तुलना दुसऱ्या कुणाशी नाही, त्याच्याच कालच्याशी. इथे शाळेचा अडसर बराच कमी होतो. बल्लभगढच्या मंडळींनीही रोजच्या कामांची अशी एक यादी केली होती, कारण आपल्या घरांत एक निराळाच घोळ असतो: म्हातारपणी बाईच्या हातून सगळं काढूनच घेतलेलं असतं. किल्ल्या सुनेकडे, पैसे मुलाकडे, बाजार नातवाकडे. मग तिला येत नाही की तिला करू देत नाहीत, हे कळायचं कसं?

आणि विचारायचं ते तरी कुणाला? त्या इस्पितळात डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, तो आमच्या ह्यांना. "घरी कशा असतात?" हे सकाळी नवाला जातात ते रात्री आठला येतात. म्हणाले, "तशा बऱ्या असतात, पण विसरतात." मी शेजारी उभी, हातात पाण्याची बाटली आणि रिपोर्टांची पिशवी! आता सासूबद्दल सुनेला विचारायचं म्हणजे साक्षीदार थोडा कडूच निघायचा, हे मलाही कळतं, हसू नका. म्हणून मुलीलाही विचारावं, शेजारणीलाही विचारावं. पण चोवीस तास जी बघते तिला वगळून तरी विचारू नका.

दिवाळीनंतर आम्ही दुसऱ्या गावच्या एका मेंदूविकारतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी आधी काय केलं असेल? कानात बघितलं. डाव्या कानात मळाचा खडा. मग डोळे, दोन्हींत मोतीबिंदू. मग रक्त, त्यात बी-ट्वेल्व्ह कमी, थायरॉइड ठीक. मग म्हणाल्या, आता बोलू या. वार उलटे विचारले. सासूबाईंनी रविवार, शनिवार, शुक्रवार असे धडाधडा सांगितले. वीस रुपयांतून तीन-तीनची गवार देत जा, म्हटल्यावर शेवटच्या दोन रुपयांपर्यंत आल्या. घराबद्दल सांगा म्हटलं तर थांबेचनात. मधे मात्र एकदा, नातवाच्या लग्नाला कोण कोण आलं होतं, यावर त्या गप्प झाल्या. आमच्याकडे कुणाचं लग्न अजून झालेलंच नाही, पण त्यांच्या चेहऱ्यावर ते शोधत असल्याचं दिसलं. बाईंच्याही नजरेतून ते सुटलं नाही. मला बाजूला बसवून त्यांनी अर्धा तास विचारलं. शेवटी म्हणाल्या, "स्मृतिभ्रंश आहे असं मी आज लिहिणार नाही. नाही असंही लिहिणार नाही. कान साफ केलाय, इंजेक्शनं घ्या, मोतीबिंदू काढून घ्या आणि सहा महिन्यांनी या. तोवर वहीत नोंदी ठेवा."

मी विचारलं, मराठीत न शिकलेल्यांसाठी ठरलेले आकडे तुमच्याकडे आहेत का? त्या म्हणाल्या, हिंदीचे आहेत, त्यावरून अंदाज घेते. आयुर्विज्ञान परिषदेने आपल्या भाषांमध्ये चाचण्यांचा संच केला, पण पहिल्या खेपेला निवडल्या त्या हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम. त्या पाचांत मराठी नव्हती. आणि मराठी तरी एक कुठली? माणची निराळी, मालवणची निराळी.

जमिनीचं काय झालं ते विचाराल. आमच्या ओळखीच्या वकिलांना तो अठराचा कागद दाखवला. ते म्हणाले, १८७२ च्या करार कायद्यात मार्कांचा उल्लेख नाही. माणूस ज्या वेळी कागद करतो त्या वेळी तो कागद काय आहे हे त्याला समजतं का, आणि त्यात आपलं हित-अहित काय याचा विचार करता येतो का, एवढंच कायदा विचारतो. तज्ज्ञ बाईंकडून तेवढ्यापुरतं पत्र घेतलं. मार्गशीर्षात दुय्यम निबंधकांच्या कचेरीत बक्षीसपत्र झालं. साहेबांनी विचारलं, "आजी, हे कसलं कागद?"

"लेकीला अर्दी जमीन देतीय. पैसं घेत न्हाय."

"कुठली जमीन?"

त्यावर त्यांनी चतुःसीमा सांगितली. पूर्वेला ओढा, पश्चिमेला सरकारी वाट, दक्षिणेला चुलत दिराचा बांध आणि त्यावरची दोन बाभळीची झाडं, त्यातलं एक गेल्या साली पडलं. साहेबांनी कागदाशी ताडून बघितलं. कागदात बाभळी नव्हत्या. वन्सं रडत होत्या. भाऊजी आले नव्हते. अजून बोलत नाहीत आमच्याशी.

मोतीबिंदू एका डोळ्याचा झाला, दुसऱ्याचा उन्हाळ्याआधी करायचा आहे. सहा महिने वैशाखात पुरे होतील. वही देवघराच्या फळीवर ठेवली आहे, आणि त्यात मी चांगलं तेवढंच लिहीत नाही. संक्रांतीला सत्तर तिळाच्या वड्या त्यांनी एकटीने केल्या, पाक एकदाही चुकला नाही, ते लिहिलं. गेल्या मंगळवारी त्यांनी आमटीत मीठ दोनदा घातलं आणि घातलंच नाही म्हणून तिसऱ्यांदा घालायला निघाल्या. तेही लिहिलं आहे.